गिट : संगणकीय आज्ञावलीची अखंड रोजकीर्द

गिट हे संगणकावरील फाइलींमध्ये वेळोवेळी होणाऱ्या बदलांची नोंद राखणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. लिनक्स या संगणक प्रणालीचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये त्याची निर्मिती केली. एप्रिल २०२५ मध्ये या साधनाला वीस वर्षे पूर्ण झाली. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने २०२२ मध्ये जगभरातील सॉफ्टवेअर डेव्हलपरांची पाहणी केली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी आपण गिट वापरत असल्याचे सांगितले. एकाच साधनावर एवढे एकमत संगणकाच्या क्षेत्रात क्वचितच आढळते.

सर्वसामान्य वापरकर्त्याला गिट कधीही दिसत नाही. मात्र त्याच्या भ्रमणध्वनीतील अँड्रॉइड प्रणाली, तो पाहत असलेली संकेतस्थळे आणि ती पुरवणारे सर्व्हर यांच्या आज्ञावलीचा मोठा भाग गिटच्या साहाय्याने लिहिला व जपला जातो. म्हणूनच या साधनाचा इतिहास केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही. ज्या साधनांवर सर्वांचे काम अवलंबून आहे त्यांवर ताबा कोणाचा असावा, हा प्रश्न गिटच्या जन्माच्या मुळाशी होता आणि तो आजही सुटलेला नाही.

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे काय?

एखादे मोठे सॉफ्टवेअर हजारो फाइलींचे बनलेले असते आणि त्यावर शेकडो माणसे एकाच वेळी काम करीत असतात. एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या बदलावर पुसला जाऊ नये, चूक आढळल्यास कालच्या स्थितीकडे परतता यावे आणि कोणती ओळ कोणी, केव्हा व का बदलली हे केव्हाही तपासता यावे, या तीन गरजांतून आवृत्ती-नियंत्रण ही संकल्पना निर्माण झाली. कार्यालयात एकाच पत्राच्या ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अगदी अंतिम’ अशा प्रती साठत गेल्या म्हणजे कोणती प्रत खरी हे कोणालाच सांगता येत नाही. आवृत्ती-नियंत्रण प्रणाली नेमकी ही अडचण दूर करते.

अशा प्रणालीची तुलना आपल्याकडील जुन्या पेढ्यांवरील रोजकीर्दीशी करता येईल. रोजकीर्दीत आधीची नोंद खोडून नवी लिहीत नाहीत. चूक झाली तर ती दुरुस्त करणारी दुसरी नोंद करतात. प्रत्येक दिवस मागील शिल्लक पुढे ओढून सुरू होतो, त्यामुळे मधलेच एखादे पान बदलले तर पुढील सर्व बेरजा जुळेनाशा होतात. गिटची रचना याच तत्त्वावर उभी आहे.

गिटपूर्व साधने

या प्रकारच्या पहिल्या साधनांपैकी एक अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये तयार केले. एससीसीएस या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. १९८० च्या दशकाच्या आरंभी पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी आरसीएस हे साधन दिले. त्यात एका वेळी एकाच व्यक्तीने फाइल ‘कुलूपबंद’ करून तिच्यात बदल करावा, अशी पद्धत होती. ॲमस्टरडॅम येथील डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये सीव्हीएसचा पाया घातला आणि अनेकांना एकाच वेळी एका फाइलीवर काम करणे शक्य झाले. सीव्हीएसमधील उणिवा दूर करण्याच्या हेतूने २००० मध्ये सबव्हर्जन या प्रकल्पास प्रारंभ झाला. त्याची १.० ही आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

सीव्हीएस आणि सबव्हर्जन या दोन्ही प्रणाली केंद्रीय स्वरूपाच्या होत्या. संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर असे आणि प्रत्येक डेव्हलपरकडे केवळ चालू आवृत्तीची प्रत असे. सर्व्हर बंद पडला वा जाळ्याशी जोडणी तुटली, की नोंदी करण्याचे काम थांबे. शिवाय मध्यवर्ती सर्व्हरवर लिहिण्याचा अधिकार कोणाला द्यावा, यावरून मुक्तस्रोत प्रकल्पांमध्ये वारंवार मतभेद होत.

बिटकीपरचा वाद

लिनस टॉरवाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. पुढील सुमारे दहा वर्षे या प्रकल्पाने कोणतीही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली स्वीकारली नव्हती. जगभरातील डेव्हलपर आपले बदल ‘पॅच’ स्वरूपात ई-मेलने पाठवीत आणि टॉरवाल्ड्स ते निवडून आपल्या प्रतीत समाविष्ट करीत. सीव्हीएसविषयी त्यांचे मत अत्यंत प्रतिकूल होते. प्रकल्पाचा विस्तार वाढला तशी ही पद्धत अपुरी पडू लागली आणि पाठविलेले पॅच हरवत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या.

फेब्रुवारी २००२ मध्ये लिनक्सने बिटकीपर या साधनाचा अवलंब केला. लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर या कंपनीचे हे व्यापारी उत्पादन होते. मुक्तस्रोत प्रकल्पांना ते विनामूल्य देण्यात आले, परंतु त्यासाठी काही अटी होत्या. बिटकीपर विनामूल्य वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे साधन विकसित करू नये, ही त्यांतील सर्वाधिक वादग्रस्त अट होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी या निर्णयावर उघड टीका केली. मुक्त प्रणालीच्या विकासासाठी बंदिस्त साधन वापरणे हा तत्त्वाचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. टॉरवाल्ड्स यांची भूमिका व्यवहारी होती: उपलब्ध साधनांत जे सर्वोत्तम, ते वापरावे.

तीन वर्षे ही व्यवस्था चालली. त्यानंतर सांबा व आरसिंक या प्रसिद्ध साधनांचे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी संवाद साधणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. सर्व्हरशी साधी जोडणी करून ‘मदत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाइप केला असता सर्व्हर स्वतःच आपल्या आज्ञांची यादी देतो, हे त्यांनी एप्रिल २००५ मध्ये कॅनबेरा येथील लिनक्स परिषदेत श्रोत्यांसमोर दाखविले. मॅकव्हॉय यांच्या दृष्टीने मात्र हा कराराच्या हेतूचाच भंग होता. कंपनीने विनामूल्य आवृत्ती मागे घेतली आणि जगातील सर्वांत मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पांपैकी एकावर अचानक साधनाविना राहण्याची वेळ आली.

निर्मितीचे पहिले दिवस

टॉरवाल्ड्स यांनी उपलब्ध मुक्त साधनांची चाचणी केली. मोनोटोन या साधनाची रचना त्यांना विचारार्ह वाटली, परंतु त्याचा वेग लिनक्सच्या आकारमानाला पुरेसा नव्हता. अखेर त्यांनी लिनक्सचे काम बाजूला ठेवून स्वतःच साधन लिहिण्याचे ठरविले. ३ एप्रिल २००५ रोजी काम सुरू झाले, ६ एप्रिल रोजी त्याची घोषणा झाली आणि ७ एप्रिल रोजी गिटच्या आज्ञावलीची नोंद खुद्द गिटमध्येच ठेवली जाऊ लागली. ती पहिली आवृत्ती सी भाषेतील सुमारे हजार ओळींची होती. १६ जून २००५ रोजी प्रसिद्ध झालेली लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या साहाय्याने सिद्ध झाली.

जुलै २००५ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी गिटची जबाबदारी जुनियो हमानो या जपानी डेव्हलपरकडे सोपविली. गिटची १.० ही आवृत्ती हमानो यांनी डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून प्रकल्पाची देखरेख तेच करीत आले आहेत. गिटचे श्रेय एका व्यक्तीला दिले जात असले, तरी ते रोजच्या वापरास योग्य बनविण्याचे दीर्घ आणि शांत काम हमानो व त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे, असे टॉरवाल्ड्स यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

त्याच एप्रिल महिन्यात, त्याच कारणासाठी, मर्क्युरियल या दुसऱ्या साधनाचीही निर्मिती सुरू झाली. अनेक वर्षे दोन्ही साधने बरोबरीने वापरात होती. बिटकीपरची कथाही लक्षणीय वळण घेऊन संपली: २०१६ मध्ये त्याची मूळ आज्ञावली मुक्तस्रोत परवान्याखाली खुली करण्यात आली. तोवर बाजारपेठ गिटकडे गेली होती.

‘गिट’ हा ब्रिटिश बोलीतील शब्द असून मूर्ख वा तापदायक माणसाला उद्देशून वापरला जातो. आपण अहंमन्य असल्यामुळे सर्व प्रकल्पांना स्वतःचेच नाव देतो, आधी लिनक्स आणि आता गिट, असे टॉरवाल्ड्स यांनी गमतीने म्हटले होते.

गिटची कार्यपद्धती

गिटमधील सर्व माहिती काही मोजक्या प्रकारच्या घटकांत साठविली जाते. फाइलीतील मजकूर हा पहिला घटक. कोणत्या फोल्डरमध्ये कोणत्या फाइली आहेत याची यादी हा दुसरा. ‘कमिट’ म्हणजेच नोंद हा तिसरा. प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणी सर्व फाइलींची स्थिती काय होती याचा निर्देश, बदल करणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ, बदलाचे कारण सांगणारा संदेश आणि आधीच्या कमिटचा निर्देश असतो.

प्रत्येक घटकावरून गणिती प्रक्रियेने एक ओळखखूण काढली जाते. एसएचए-१ या पद्धतीने काढलेली ही खूण ४० अंकाक्षरांची असते. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ती संपूर्णपणे बदलते. प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटची खूण अंतर्भूत असल्यामुळे जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार केल्यास पुढील सर्व नोंदींच्या खुणा बदलतात आणि फेरफार उघडकीस येतो.

दुसरे वैशिष्ट्य विकेंद्रीकरणाचे. गिटमध्ये प्रत्येक डेव्हलपरकडे प्रकल्पाची प्रत येते, ती सामान्यतः संपूर्ण इतिहासासह. विमानात बसून, जाळ्याशी जोडणी नसतानाही तो नोंदी करू शकतो, जुना इतिहास चाळू शकतो आणि नंतर आपले बदल इतरांकडे पाठवू शकतो. एक सर्व्हर नष्ट झाला तरी इतिहास नष्ट होत नाही, कारण तो प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर असतो.

तिसरे वैशिष्ट्य ‘ब्रांच’ अर्थात शाखांचे. मुख्य आज्ञावलीला धक्का न लावता नवा प्रयोग करण्यासाठी शाखा काढता येते. प्रयोग फसल्यास ती टाकून देता येते, यशस्वी झाल्यास मुख्य प्रवाहात विलीन करता येते. सबव्हर्जनमध्ये विलीनीकरण हे कटकटीचे काम समजले जाई. गिटमध्ये शाखा म्हणजे एका कमिटकडे बोट दाखविणारी छोटीशी नोंद असल्यामुळे ती क्षणार्धात तयार होते. दोघांनी एकच ओळ दोन निराळ्या प्रकारे बदलली असेल, तर मात्र निर्णय माणसालाच करावा लागतो. गिट तेथे थांबते आणि दोन्ही पाठ समोर मांडते.

मोठ्या प्रकल्पांसाठी गिटला अनेक सुधारणांची गरज भासली. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज प्रणालीची आज्ञावली गिटमध्ये आणली, तेव्हा तिच्यात सुमारे ३५ लाख फाइली होत्या आणि आकार सुमारे ३०० गिगाबाइट होता. त्यासाठी कंपनीला स्वतंत्र पूरक यंत्रणा उभारावी लागली. एकेकाळी लिनक्सची कट्टर विरोधक समजली जाणारी कंपनी आपले मुख्य उत्पादन टॉरवाल्ड्स यांच्या साधनात ठेवू लागली, हा बदल या क्षेत्रातील जुन्या लोकांना विशेष वाटला.

गिटहब आणि व्यासपीठांचा उदय

गिटचा प्रसार वेगाने होण्याचे प्रमुख कारण म्हणजे २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेले गिटहब हे व्यासपीठ. टॉम प्रेस्टन-वॉर्नर, ख्रिस वॉनस्ट्राथ आणि पी. जे. हायट हे त्याचे संस्थापक. दुसऱ्याच्या प्रकल्पाची स्वतःच्या खात्यात प्रत काढणे, तिच्यात सुधारणा करणे आणि ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवून ती सुधारणा स्वीकारण्याची विनंती करणे, ही पद्धत गिटहबने रूढ केली. पूर्वी अनोळखी व्यक्तीस एखाद्या प्रकल्पात प्रवेश मिळविण्यासाठी ओळख व विश्वास आधी संपादन करावा लागे. आता काम आधी दाखवून विश्वास नंतर मिळविता येऊ लागला.

लिनक्सचे विकसन मात्र आजही प्रामुख्याने ई-मेलवरून चालते. गिटहबवर लिनक्सची प्रत असली, तरी तेथील विनंत्या आपण स्वीकारत नाही, असे टॉरवाल्ड्स यांनी २०१२ मध्येच स्पष्ट केले होते.

सोर्सफोर्ज हे १९९९ पासूनचे व्यासपीठ यामुळे मागे पडले. गुगलने २००६ मध्ये सुरू केलेली गुगल कोड ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद केली. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलची सुविधा काढून टाकली. युक्रेनमधील दिमित्री झापोरोझेट्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेले गिटलॅब हे संस्थांना स्वतःच्या सर्व्हरवरही चालविता येते, म्हणून ते पर्याय म्हणून टिकून राहिले.

जून २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज डॉलरला गिटहब खरेदी करण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये हा व्यवहार पूर्ण झाला. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवरील डेव्हलपरांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

डेव्हलपरांची लोकसंस्कृती

प्रत्येक व्यवसायाची स्वतःची बोली, थट्टा आणि श्रद्धास्थाने असतात. सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या जगात ती विशेष समृद्ध आहेत. नवी भाषा शिकताना पहिली आज्ञावली जगाला नमस्कार करणारीच असावी, ही प्रथा बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निगन यांच्या १९७० च्या दशकातील लेखनापासून चालत आली आहे. आज्ञावली लिहिण्यासाठी व्हीआय हे साधन चांगले की ईमॅक्स, हा वाद अर्धशतकाजवळ पोहोचला आहे. ओळीच्या आरंभी टॅब द्यावा की रिकाम्या जागा, यावरही तितक्याच गांभीर्याने तंटे होतात. व्हीआयची सुधारित आवृत्ती असलेल्या व्हिमचे कर्ते ब्राम मोलेनार यांनी आपले सॉफ्टवेअर विनामूल्य दिले आणि वापरकर्त्यांनी युगांडातील मुलांसाठी देणगी द्यावी, असे आवाहन केले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जगभरातील डेव्हलपरांनी हळहळ व्यक्त केली.

गिटने या संस्कृतीत आपली भर घातली. एखादी ओळ शेवटी कोणी बदलली हे शोधणाऱ्या आज्ञेचे नाव ‘ब्लेम’, म्हणजे दोषारोप, असे आहे. ती चालवून संतापाने पाहावे तर स्वतःचेच नाव दिसावे, हा अनुभव प्रत्येकाच्या परिचयाचा असल्याने त्यावरील विनोद कधी जुने होत नाहीत. कमिटच्या संदेशात काय लिहावे याचेही संकेत आहेत: पहिली ओळ थोडक्यात, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर बदलामागील कारण. बदल काय झाला हे आज्ञावली सांगतेच, तो का झाला हे संदेशाने सांगावे, असा हा दंडक. प्रत्यक्षात रात्री उशिरा केलेल्या नोंदींत ‘दुरुस्ती’, ‘पुन्हा दुरुस्ती’ एवढेच आढळते, हेही तितकेच खरे. ऑक्टोपससारखे बाहू असलेली मांजर हे गिटहबचे चिन्ह तर जगभरातील लॅपटॉपच्या पाठीवर चिकटलेले दिसते.

या संस्कृतीची दुसरी बाजूही आहे. गिटहबवर प्रत्येक खात्याच्या पानावर वर्षातील प्रत्येक दिवसाचा एक चौकोन असतो आणि काम केलेल्या दिवशी तो हिरवा होतो. सलग किती दिवस काम केले हा आकडाही तेथे दिसत असे. सुटीच्या दिवशीही साखळी तुटू नये म्हणून लोक काही ना काही नोंदी करीत. २०१६ मध्ये गिटहबने हा आकडा काढून टाकला. नोकरी देणारे हिरवे चौकोन पाहतात, या समजुतीने विद्यार्थ्यांवर येणारा ताण मात्र गेलेला नाही.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली असाच पेच उद्भवला. ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठविणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. त्यासाठी असंख्य नवशिक्यांनी प्रकल्पांच्या माहितीपत्रकात एखादा शब्द वाढवून विनंत्या पाठविल्या. विनावेतन काम करणाऱ्या प्रकल्पचालकांचा वेळ त्या नाकारण्यातच जाऊ लागला. अखेर स्वतःहून सहभागी होणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करण्यात आला.

श्रेय अनपेक्षितपणे लाभल्याची उदाहरणेही आहेत. एप्रिल २०२१ मध्ये नासाच्या इन्जेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरने मंगळावर पहिले उड्डाण केले. त्यात वापरलेल्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ज्यांच्या नोंदी होत्या अशा सुमारे १२ हजार डेव्हलपरांच्या गिटहब खात्यावर खास पदक झळकले. आपली आज्ञावली दुसऱ्या ग्रहावर पोहोचली आहे, हे त्यांतील अनेकांना तेव्हाच कळले.

भारतातील वापर

गिटहबच्या २०२३ च्या वार्षिक अहवालानुसार भारतातील डेव्हलपरांची संख्या एक कोटी ३० लाखांहून अधिक होती आणि २०२७ पर्यंत ती अमेरिकेपेक्षा अधिक होईल, असा कंपनीचा अंदाज होता. गुगलतर्फे २००५ पासून चालविल्या जाणाऱ्या समर ऑफ कोड या उपक्रमातही अनेक वर्षे भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सर्वाधिक राहिली आहे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. शासकीय प्रकल्पांच्या आज्ञावलीसाठी ओपनफोर्ज हे व्यासपीठही उभारण्यात आले. कोविड महामारीच्या काळात आरोग्य सेतू ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली २६ मे २०२० रोजी गिटहबवर खुली करण्यात आली. नागरिकांची माहिती हाताळणारी आज्ञावली तपासण्यास उपलब्ध असावी, ही मागणी त्यापूर्वी अनेक तज्ज्ञांनी केली होती.

मराठीच्या संगणकीय वापराचाही या साधनाशी संबंध आहे. लिनक्सवरील ग्नोम या प्रकल्पाने २००९ मध्ये गिटचा स्वीकार केला. त्यामुळे त्यातील मराठी भाषांतराच्या फाइलींत कोणता शब्द केव्हा बदलला, याचा इतिहास आजही पाहता येतो. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेले लोहित टंक आणि मुंबईतील एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाचे मुक्त व बलू हे टंक असेच खुल्या पद्धतीने वाढले. एखादे जोडाक्षर चुकीचे उमटत असल्याची तक्रार, त्यावरील चर्चा आणि झालेली दुरुस्ती, हे सर्व नोंदीच्या रूपाने मागे राहते.

विश्वास आणि सुरक्षितता

सर्वांनी एकमेकांच्या आज्ञावलीवर इमारत उभारायची, तर पायातील एक वीट निसटल्यास काय होईल, याचा प्रत्यय मार्च २०१६ मध्ये आला. एका प्रकल्पाच्या नावावरून झालेल्या वादात नाराज झालेल्या डेव्हलपरने एनपीएम या भांडारातून आपल्या सर्व आज्ञावली काढून घेतल्या. त्यांत मजकुराच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणारी जेमतेम अकरा ओळींची एक आज्ञावली होती. तिच्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या हजारो प्रकल्पांची जुळणी काही तास अडली. भांडाराच्या चालकांनी ती आज्ञावली पुन्हा उपलब्ध करून दिली आणि काढून घेण्याचे नियम कडक केले.

गिटच्या ओळखखुणांचाही कस लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगल आणि ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने दोन भिन्न फाइलींची एसएचए-१ खूण एकच असू शकते, हे प्रत्यक्ष करून दाखविले. त्यानंतर गिटने अशा फाइली ओळखणारी सुधारित पद्धत अवलंबिली. २०२० पासून एसएचए-२५६ या अधिक सबळ पद्धतीची सोयही प्रायोगिक स्वरूपात देण्यास सुरुवात झाली.

सर्वांत गंभीर प्रसंग मार्च २०२४ मधील. अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा विलंब जाणवला. त्याचा माग काढताना एक्सझेड या लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसविल्याचे त्यांना आढळले. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून एकट्या, थकलेल्या प्रकल्पचालकाचा विश्वास संपादन केला होता. या कटातील निर्णायक तुकडा गिटमधील इतिहासात ठेवलेलाच नव्हता. तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घुसविण्यात आला होता. हे साधन नोंद झालेल्या बदलांची साक्ष देते. नोंदीबाहेर काय घडते आणि नोंद करणारा कोण आहे, हे पाहण्याचे काम माणसांकडेच राहते.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नवे प्रश्न

जून २०२१ मध्ये गिटहबने कोपायलट या साधनाची चाचणी आवृत्ती सादर केली. जून २०२२ पासून ते सर्वांसाठी सशुल्क उपलब्ध झाले. डेव्हलपरने आरंभ केला की पुढील ओळी हे साधन सुचविते. गिटहबवरील सार्वजनिक आज्ञावली त्याच्या शिकवणीसाठी वापरण्यात आली होती. मुक्तस्रोत परवान्यांपैकी बहुतेकांत मूळ कर्त्याचा उल्लेख करण्याची अट असते. यंत्राने सुचविलेल्या ओळींत हा उल्लेख राहत नाही, असा आक्षेप घेऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये काही डेव्हलपरांनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला. त्याआधी जून २०२२ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने मुक्तस्रोत प्रकल्पांनी गिटहब सोडावे, असे आवाहन केले होते.

कोणती ओळ कोणी लिहिली हे सांगणे, हा गिटच्या अस्तित्वाचा हेतू. यंत्राने सुचविलेली आणि माणसाने स्वीकारलेली ओळ त्या माणसाच्याच नावावर नोंदली जाते. तिचे कर्तृत्व आणि चूक झाल्यास तिची जबाबदारी कोणाची, याविषयी प्रकल्पांनी आपापले नियम ठरविण्यास आरंभ केला आहे.

ताबा कोणाचा?

गिट विकेंद्रित असले तरी त्याचा वापर मोजक्या व्यासपीठांवर एकवटला आहे. याचे परिणाम अनेकदा दिसून आले. डिसेंबर २०१४ मध्ये भारतात ३२ संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश निघाले. त्यांत गिटहबवरील एका सेवेचा तसेच सोर्सफोर्जचा समावेश होता. दहशतवादी मजकुराच्या तपासातून हे पाऊल उचलण्यात आले होते. काही दिवसांतच गिटहबवरील निर्बंध उठले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रायमिया येथील डेव्हलपरांच्या खात्यांवर मर्यादा आल्या. आवश्यक परवाना मिळाल्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये इराणमधील सेवा पूर्ववत झाली.

अशा वेळी आज्ञावलीचा इतिहास डेव्हलपरच्या स्वतःच्या संगणकावर सुरक्षित राहतो, ही गिटची देणगी. मात्र तक्रारी, चर्चा, पुल रिक्वेस्ट आणि सहकाऱ्यांशी असलेला संपर्क हे सर्व व्यासपीठाच्या मालकीच्या सर्व्हरवर असते. ते गिटबरोबर आपोआप येत नाही. हीच अडचण ओळखून जर्मनीतील कोडबर्गसारखी ना-नफा व्यासपीठे उभी राहिली आहेत. फ्रान्समधील इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज हा सार्वजनिक संग्रह सुरू केला. गिटहबनेही २ फेब्रुवारी २०२० रोजी उपलब्ध असलेल्या सार्वजनिक आज्ञावलीची प्रत विशेष फिल्मच्या १८६ रिळांवर उतरवून नॉर्वेतील स्वालबार्ड येथील बर्फाळ प्रदेशातील खाणीत ठेवली आहे.

बिटकीपरच्या वादातून लिनक्सच्या डेव्हलपरांनी घेतलेला धडा असा होता की, साधन विनामूल्य मिळते म्हणजे ते आपले झाले असे नव्हे. वीस वर्षांनंतर साधन त्यांचे झाले आहे, व्यासपीठ मात्र पुन्हा एका कंपनीचे आहे. प्रकल्पाच्या संपूर्ण इतिहासाची प्रत स्वतःजवळ बाळगण्याची सोय प्रत्येकाला आहे. आपल्या संस्थेत वा महाविद्यालयात अशी प्रत कोणाकडे आहे आणि व्यासपीठ उद्या उपलब्ध नसल्यास काम कसे चालेल, हे तपासून ठेवणे प्रत्येक प्रकल्पाच्या हिताचे ठरते.

महत्त्वाचे टप्पे

१९७२ – बेल प्रयोगशाळेत एससीसीएसची निर्मिती.
१९८६ – सीव्हीएसचा आरंभ.
१९९१ – लिनक्सची घोषणा.
२००२ – लिनक्सकडून बिटकीपरचा स्वीकार.
२००५ – बिटकीपरची विनामूल्य आवृत्ती मागे, गिटची निर्मिती, जुनियो हमानो यांच्याकडे सूत्रे.
२००८ – गिटहबचा प्रारंभ.
२०१६ – बिटकीपरची आज्ञावली खुली.
२०१८ – मायक्रोसॉफ्टकडून गिटहबची खरेदी.
२०२२ – कोपायलट सर्वांसाठी उपलब्ध, त्याविरोधात दावा.
२०२४ – एक्सझेडमधील चोरदरवाजा उघडकीस.
२०२५ – गिटला वीस वर्षे पूर्ण.